जनाची आधी की मनाची?

"जनाची नाही तर निदान मनाची तरी ठेव." हे वाक्य लहानपणी एकदाही ऐकलं नाही असा मराठी माणूस विरळा. माझ्या आजीच्या तोंडी ते रोज असायचं. शेजारच्यांच्या कैऱ्या पाडल्या तरी तेच आणि गणितात कमी मार्क पडले तरी तेच. गणिताचा आणि लाजेचा काय संबंध, हे विचारायची सोय नव्हती.

तत्त्वज्ञानातला एक जुना वाद ह्या वाक्यात अख्खा मावलेला आहे. जनाची लाज म्हणजे चारचौघं काय म्हणतील ही धास्ती. मनाची लाज म्हणजे आजूबाजूला कुणी नसतानाही जे टोचतं ते. पण मनाला टोचायला शिकवलं कुणी? आजीनंच ना? आणि आजी म्हणजे जनच की. मग मनाची लाज म्हणजे आत मुक्कामाला येऊन राहिलेली जनाचीच लाज? की माणूस जन्मतानाच ती घेऊन येतो आणि आजी नुसती तिला हाक मारून उठवते?

ह्यावर अडीच हजार वर्षं माणसं नुसती बोलत होती. गेल्या पन्नासेक वर्षांत प्रयोगही झाले आणि काही गोष्टी बऱ्याच स्पष्ट झाल्या. त्यातला एक प्रयोग घरी करून बघण्यासारखा आहे. मी केला.

माझी साडेचार वर्षांची भाची ठाण्यात घोडबंदर रोडला राहते. मी रविवारी नौपाड्यातून तिच्याकडे जाते. तिला विचारलं, "शाळेत युनिफॉर्म घालून जायचं असतं ना?"

"हो."

"उद्या बाई म्हणाल्या, कुणीच युनिफॉर्म घालू नका, तर?"

"तर मी गुलाबी फ्रॉक घालणार."

"आणि शाळेत कुणाला मारायचं नाही, बरोबर?"

"बरोबर."

"उद्या बाई म्हणाल्या, मारलंत तरी चालेल, तर?"

आत्याला काही कळत नाही, अशा नजरेनं तिनं माझ्याकडे पाहिलं. "नाही चालणार. लागतं ना त्याला."

एलियट ट्युरिएल ह्या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी अशा प्रश्नांवर अनेक वर्षं काम केलं. त्यांना दिसलं ते असं, की तीन-चार वर्षांची मुलंसुद्धा नियमांच्या दोन वेगळ्या पिशव्या करतात. एका पिशवीत रीत, म्हणजे युनिफॉर्म, जेवायची पद्धत, कुणाला काय हाक मारायची. मोठ्यांनी ठरवलं तर ह्या गोष्टी बदलतात. दुसऱ्या पिशवीत मारणं, हिसकावून घेणं. तिथे बाईंची परवानगी चालत नाही.

गंमत अशी की हा फरक मुलांना कुणी समजावून सांगत नाही. "चपला घालून स्वयंपाकघरात येऊ नकोस" आणि "ताईला चावू नकोस" ही दोन्ही वाक्यं आई एकाच पट्टीत ओरडते. नीती म्हणजे नुसता समाजानं वरून ओतलेला माल असता, तर मुलानं दोन्ही एकाच पिशवीत कोंबली असती. पण मूल निवडतं, आणि निवडायला त्याच्याकडे एक कसोटी असते. लागतं का?

जन्मजात नीतीच्या बाजूनं हा पुरावा भक्कम वाटतो. मलाही वाटला होता. मग भुवनेश्वरचा अभ्यास वाचला.

१९८७ साली रिचर्ड श्वेडर, मनमोहन महापात्रा आणि जोन मिलर ह्यांनी भुवनेश्वरमधल्या आणि शिकागोतल्या लहानमोठ्यांपुढे ३९ प्रसंग ठेवले आणि विचारलं, ह्यात चूक आहे का, आणि किती मोठी? भुवनेश्वरकरांच्या मते सगळ्यात गंभीर चूक कुठली होती? वडील गेले, आणि दुसऱ्याच दिवशी थोरल्या मुलानं केस कापून घेतले आणि कोंबडी खाल्ली. शिकागोवाल्यांना ह्यात चूक सापडेना. आपल्याला मात्र हे परकं वाटत नाही. सुतकात घरी काय शिजतं आणि केस कितव्या दिवशी उतरवतात, हे ठाण्यातही बहुतेक घरांत ठाऊक असतं.

मुद्दा पुढे आहे. भुवनेश्वरकरांनी ही गोष्ट रीतीच्या पिशवीत टाकलीच नाही. उद्या सगळ्यांनी मिळून ठरवलं तर चालेल का, ह्यावर त्यांचं उत्तर नाही असं होतं. म्हणजे शिकागोच्या पोराला जी न्हाव्याच्या दुकानातली क्षुल्लक गोष्ट, ती इथे पापाच्या पिशवीत. कुठली वस्तू कुठल्या पिशवीत हे समाजच ठरवतो, असं श्वेडर ह्यांचं म्हणणं.

ट्युरिएल आणि मंडळींनी त्यावर दिलेलं उत्तर मला आवडतं. त्यांनी विचारलं, ह्या कोंबडीनं नक्की बिघडतं काय, असं लोक मानतात? उत्तर असं, की वडिलांच्या आत्म्याला पुढची गती मिळत नाही. बघा म्हणजे. तुमची अशी खात्री असेल की तुमच्या खाण्यानं गेलेल्या बापाला यातना होतात, तर ते खाणं म्हणजे बापाला मारणंच. कसोटी भाचीचीच आहे, लागतं ना त्याला. फक्त मेलेल्या माणसालाही लागतं, ही माहिती समाजानं पुरवलेली.

इथवर पटतं. पण त्याच यादीत आणखी एक प्रसंग होता. एक विधवा आठवड्यातून दोन-तीनदा मासे खाते. भुवनेश्वरमध्ये तीही मोठी चूक ठरली, कारण गेलेल्या नवऱ्याच्या आत्म्याला त्यानं दुःख होतं. इथे माझं गाडं अडलं. मेलेल्या नवऱ्याला लागतं हे मोजलं गेलं, आणि जिवंत बाईच्या जिभेचं, पोटाचं, मनाचं मात्र कुणीच मोजलं नाही. म्हणजे समाज नुसती माहिती पुरवून थांबत नाही. कुणाचं लागणं हिशेबात धरायचं आणि कुणाचं सोडून द्यायचं, तेही तोच ठरवतो.

ह्या वादाची गाठ मला इथेच दिसते. लागणं कळतं ते बहुधा जन्मजात. कुणाचं लागणं मोजायचं, ते मात्र शिकवलेलं. दोन्ही अर्धे जरा तपासून बघू.

पहिल्या अर्ध्यासाठी सगळ्यात प्रसिद्ध प्रयोग येल विद्यापीठातला, २००७ सालचा. डोळे लावलेला एक लाकडी गोल टेकडी चढायला बघतोय. एक आकार त्याला मागून ढकलून वर चढवतो, दुसरा वरून खाली लोटतो. हा खेळ दाखवून बाळांपुढे दोन्ही आकार धरले. दहा महिन्यांच्या १६ बाळांपैकी १४ जणांनी आणि सहा महिन्यांच्या बाराच्या बारा बाळांनी मदत करणाऱ्याकडे हात नेला. बातमी जगभर गाजली. जन्मजात चांगुलपणा सापडला म्हणून वर्तमानपत्रांनी मथळे केले.

मग जगभरातल्या ३७ प्रयोगशाळांनी मिळून तोच प्रश्न पाचशेहून अधिक बाळांना विचारला. निकाल २०२४ मध्ये आला. मदत करणाऱ्याला निवडणारी बाळं निघाली ४९ टक्के. नाणं उडवलं असतं तरी तेवढीच आली असती. ह्या वेळी लाकडी आकारांऐवजी पडद्यावरची चित्रं दाखवली होती, त्यामुळे फरक पडला असेल असं काही जण म्हणतात. असेलही. पण "सहा महिन्यांच्या बाळालाही नीती कळते" असं कुणी व्हॉट्सअॅपवर छातीठोकपणे पाठवलं, तर एवढं आठवा.

थोड्या मोठ्या मुलांचा पुरावा ह्यापेक्षा दणकट आहे. २००६ साली फेलिक्स वॉर्नेकन आणि मायकेल टोमासेलो ह्यांनी दीड वर्षाच्या मुलांसमोर कपडे वाळत घालताना चिमटा मुद्दाम खाली पाडला आणि तो हाताला येत नसल्याचं नाटक केलं. २४ पैकी २२ मुलांनी अशा कुठल्या ना कुठल्या प्रसंगात उठून मदत केली. शाबासकी नाही, चॉकलेट नाही, काही नाही. ज्यांच्या घरात दीड वर्षाचं पोर आहे त्यांना ह्यात नवल वाटणार नाही. ते पोर केर काढायलाही "मदत" करतं, आणि आपलं काम दुप्पट होतं.

न्यायाची जाण तर माणसापुरतीही मर्यादित नसावी. सारा ब्रॉस्नन आणि फ्रान्स द वाल ह्यांनी २००३ मध्ये कॅपुचिन माकडांना खडा परत दिल्याबद्दल काकडीचा तुकडा द्यायला सुरुवात केली. माकडं खूश. मग शेजारच्या माकडाला त्याच कामाचं द्राक्ष मिळू लागलं. काकडीवालं माकड बिथरलं, आणि मघाशी आवडीनं खाल्लेली काकडी नाकारू लागलं. दिवाळी बोनसचे आकडे एकमेकांना कळल्यानंतर ऑफिसात जे होतं तेच.

पण मला सगळ्यात बोलका वाटतो तो १९९९ सालचा वैद्यकीय अभ्यास. मेंदूच्या पुढच्या भागाला दीड वर्षाच्या आतच इजा झालेली दोन माणसं, तपासली तेव्हा विशीच्या आसपासची. दोघांची घरं चांगली, आईवडील शिकलेले, भावंडं सरळमार्गी. तरी ही दोघं खोटं बोलत, चोरी करत, आणि पश्चात्ताप म्हणून दाखवत नसत. मोठेपणी तीच इजा झालेल्या माणसांना निदान बरंवाईट सांगता येतं, वागण्यात जमत नाही एवढंच. ह्या दोघांना सांगताही नीट येत नव्हतं. संस्कारांची गंगा दारातून वाहत होती, पण भरून घ्यायला आत भांडंच नव्हतं. दोनच माणसांवरून फार मोठी विधानं करू नयेत हे खरं. तरीही मूल म्हणजे कोरी पाटी, समाज लिहील ते उमटेल, असं म्हणणाऱ्यांना हे अडचणीचं आहे.

आपला कायदाही मधलीच वाट धरतो. भारतीय न्याय संहितेनुसार सात वर्षांखालच्या मुलाचं कुठलंही कृत्य गुन्हा ठरत नाही. सात ते बारा ह्या वयात, आपण काय करतोय ते समजण्याइतकी जाण त्या मुलाला आली होती का, हे न्यायालयानं बघायचं. १८६० च्या जुन्या दंड संहितेतही हेच वयाचे टप्पे होते. भांडं उपजत, भरायला वेळ लागतो, असंच जणू कायदा म्हणतो.

आता दुसरा अर्धा.

एक खेळ आहे. मला शंभर रुपये मिळाले, त्यातले किती तुम्हाला द्यायचे ते मी ठरवायचं. तुम्ही मान्य केलंत तर दोघांना आपापला वाटा, नाकारलंत तर दोघांच्याही हातात भोपळा. पाश्चात्त्य विद्यापीठांतले विद्यार्थी साधारण चाळीस ते पन्नास देऊ करतात. जोसेफ हेन्रिक आणि सहकाऱ्यांनी हाच खेळ जगातल्या १५ छोट्या समाजांत नेला. पेरूच्या जंगलातले माचिगेंगा सरासरी २६ टक्के देऊ करत, आणि समोरचा तेही आनंदानं घेई. इंडोनेशियातल्या लामालेराचे लोक निम्म्याहूनही जास्त देत. आणि पापुआ न्यू गिनीत काहींनी निम्म्याहून मोठा वाटा चक्क नाकारला.

ह्यात वेडेपणा कुणाचाच नाही. माचिगेंगा कुटुंबं आपापलं पिकवतात, आपापलं खातात. परक्याशी वाटणी करायचा प्रसंगच कमी. लामालेराचे लोक होड्या घेऊन देवमाशाची शिकार करतात. देवमासा एकट्यानं मारता येत नाही आणि एकट्यानं खाताही येत नाही, म्हणून त्याच्या वाटण्या पिढ्यान्‌पिढ्या ठरलेल्या आहेत. आणि पापुआत मोठी भेट घेतली की उपकाराचं ओझं मानेवर बसतं. लग्नातला आहेर वहीत लिहून ठेवणाऱ्या मराठी माणसाला हे समजायला अवघड जाऊ नये.

न्याय सगळीकडे आहे, त्याचं माप पोटापाण्याच्या धंद्यातून येतं. ठाणे लोकलमध्ये तिघांच्या सीटवर चौथ्याला जागा द्यायची ही रीत कुठल्या नियमपुस्तकात नाही. पण चौथी येऊन उभी राहिली आणि तिसरी सरकली नाही, तर डब्यातल्या बायकांच्या नजरा काय म्हणतात ते अनुभवावं. ती रीत राहिलेली नाही, नीती झाली आहे. गर्दीतून जन्मलेली नीती. विमानात चौथी सीट मागून बघा.

मग मनाची लाज गेली कुठे? ती आहे, आणि मोजलीही गेली आहे. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ४० देशांतल्या ३५५ शहरांत सतरा हजारांवर पाकिटं बँका, हॉटेलं, टपाल कार्यालयं अशा ठिकाणी "रस्त्यात सापडलं" म्हणून काउंटरवर दिली गेली. पाकीट पारदर्शक, आत मालकाचा ईमेल पत्ता. काहींत पैसे, काहींत नाहीत. सगळ्यांचा अंदाज असा, की पैसे असलेली पाकिटं कमी परत येतील. झालं उलट. बिनपैशांची ४० टक्के, तर पैसेवाली ५१ टक्के प्रकरणांत मालकाला कळवलं गेलं. पैसे ठेवून घेतले तर आपण चोर ठरू, आणि ते दुसऱ्या कुणाला नाही तरी आपल्याला ठाऊक असेल. आजी ह्यालाच मनाची म्हणायची. ४० पैकी ३८ देशांत हा कल दिसला. मात्र एकूण किती पाकिटांबद्दल कळवलं जातं, ह्यात देशादेशांत प्रचंड तफावत होती. टोचणी सगळीकडची, जोर जागेप्रमाणे.

आता जरा अप्रिय बाजू. "जन्मजात" म्हटलं की आपण "चांगलं" असं गृहीत धरतो. तसं नाही. २००७ च्याच एका अभ्यासात दहा महिन्यांच्या बाळांना दोन बायका सारखंच खेळणं देऊ करतात. एक बाळाच्या घरातल्या भाषेत बोललेली, दुसरी परक्या भाषेत. बाळं आपल्या भाषेवालीकडून खेळणं घेतात. आपले आणि परके ही रेघही पाळण्यातूनच सुरू होते. म्हणजे पाळण्यात माया आहे तशी माया आखडायची सोयही आहे. रेघ नक्की कुठे ओढायची, ते घर, गल्ली, शाळा, सोसायटी शिकवते.

सोसायटी मी शब्दशः म्हणतेय. भाची राहते त्या कॉम्प्लेक्समध्ये दोन लिफ्ट आहेत. एक रहिवाशांची, दुसरी सामानाची आणि कामाला येणाऱ्या बायकांची. भाची तीन वर्षांची असताना तिनं विचारलं होतं, "मावशी आपल्याबरोबर का नाही येत?" दिवसभर जी मावशी तिला भरवते, झोपवते, तिच्याबद्दलचा प्रश्न. माझी वहिनी म्हणाली, "त्यांची लिफ्ट वेगळी आहे." पुन्हा भाचीनं विचारलं नाही. वहिनी वाईट बाई नाही. तिनंही ते कुणाला विचारलेलं नाही. रेघ अशीच ओढली जाते, भाषणं करून नव्हे.

ठाण्यानं ह्या बाबतीत एक उलटी गोष्टही पाहिली आहे. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून चौदा डबे आणि चारेकशे पाहुणे घेऊन पहिली गाडी ठाण्याला आली. पुढे रेल्वे सर्वांची झाली, तेव्हा डबे भाड्याप्रमाणे वेगळे होते, जातीप्रमाणे नव्हते. विटाळ मानणाऱ्यांपुढे पेच पडला, आणि तो बहुतेकांनी तिकीट काढून सोडवला. गावात परतल्यावर सोवळं पुन्हा सुरू. दोन्हीकडे माणसं तीच. जे मनात खोल रुजलेलं वाटत होतं, ते प्रवासाच्या सोयीपुढे तासाभरापुरतं गळून पडलं. मग ते मनाचं होतं की जनाचं?

पण सगळं जनाचंच असं म्हटलं तर दुसरा पेच पडतो. समाज म्हणेल तीच नीती असेल, तर समाजाविरुद्ध उभा राहणारा माणूस व्याख्येनंच अनीतिमान. १८६३ मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं, फसलेल्या विधवांना गुपचूप बाळंत होता यावं म्हणून. त्या काळच्या पुण्याच्या मोजमापानं हे पाप होतं. १८९३ मध्ये धोंडो केशव कर्व्यांनी विधवेशी लग्न केलं, तेव्हा त्यांच्या गावच्या लोकांनी, मुरूडकरांनी, त्यांना वाळीत टाकलं. ह्या लोकांना त्यांचं उत्तर कुठून मिळालं? समाजाकडून नक्कीच नाही, निदान पुऱ्या समाजाकडून नाही.

मला वाटतं, त्यांनी नवी नीती आणली नाही. भाचीची कसोटीच लावली, फक्त वगळलेल्या माणसाला. "लागतं ना तिला." म्हणूनच विरोधक चिडले, आणि म्हणूनच शेवटी बऱ्याच जणांना ते कळलंही, ऐकणाऱ्यांच्या आतही तेच भांडं होतं. पुढे बदल रुजला तो मात्र जनांमधूनच, कायद्यांनी, शाळांनी, ठरावांनी. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसणं, मंगळसूत्र तोडणं, बांगड्या फोडणं बंद करण्याचा ठराव केला. कर्व्यांच्या लग्नाला तोवर सव्वाशेहून जास्त वर्षं झाली होती.

मागच्या महिन्यात भाचीकडच्या रहिवाशांच्या लिफ्टचं काम निघालं. दोन दिवस सगळ्यांना दुसऱ्या लिफ्टनं जा-ये करावी लागली. रविवारी मी, वहिनी, भाची आणि चौथ्या मजल्यावरचे एक काका, असे चौघं आत शिरलो. दार बंद होणार तेवढ्यात भाचीनं वर बघून विचारलं, "ही मावशींची लिफ्ट आहे ना? त्यांना विचारलं का आपण?"

काकांनी मोबाइल बाहेर काढला. वहिनीनं चौथ्याचं बटण दाबलं, मग सातव्याचं.